थंड पाण्यात निघालेला रंग

अहो, तुमची बादली आज भंगारवाल्याला देऊन टाकली.

तीच ती, बाथरूमच्या कोपऱ्यातली, जिचा मूळ रंग कोणता होता हे आता देवालाही सांगता येणार नाही. भंगारवाल्याने उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, घरमां कोई रंगारी हता, बेन? मी म्हटलं, हो, तसंच समज. तो गेला आणि तो कोपरा एकदम मोठा दिसायला लागला. मी दार लावून घेतलं आणि कुकर चढवला.

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. येणारे येऊन गेले. तुमच्या तोंडावर कधी बोलले नसतील इतकं चांगलं बोलून गेले. कंपनीतले, तुमच्या पाळीतले सहाजण आले होते. भिंतीला टेकून एका ओळीत बसले, चहा घेतला आणि उठले. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे सांगणारे पुष्कळ आहेत, ते त्यांनी सांगावं. मला तुमच्याशी दोन-तीन भांडणं पुरी करायची आहेत. आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी वर्षभर माझ्या तोंडाशी आली आणि परत गेली. तुम्ही होतात तोवर सांगितली नाही. शिवाय आपला निखिल. दिवस होऊन गेले तरी तो वाघोडियाला कामावर गेलेला नाही. ताटावर बसतो, भात चिवडतो आणि उठतो. रोज ताट तसंच परत येतं. एक गेलात, आता दुसऱ्यालाही असं समोर बसून झिजताना बघायचं का मी? त्याचं पुढे सांगते. आधी माझं.

कराडहून लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मुलगा केमिकल कंपनीत आहे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही नंदेसरीच्या कारखान्यातून पाळी करून आलात आणि तुमची मान हिरवी. कानामागे हिरवं, नखांत हिरवं. मी माहेरी पत्र लिहायला बसले होते, जावई हिरवा आहे म्हणून, तुम्ही खांद्यावरून वाचलंत आणि इतके हसलात की आपल्या पाणीगेटची कबुतरं उडाली असतील. मग मला सगळं समजावून दिलंत. कपड्यांचे रंग तिथे तयार होतात, पावडर हवेत उडते, घामाला चिकटते, अंगावर बसते. म्हणून तुमची बादली वेगळी, दोरी वेगळी, टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा. तुमचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. एवढा एक नियम पाळ, म्हणालात, बाकी तुझं राज्य. राज्य काही मिळालं नाही, नियम मात्र मी एकतीस वर्षं पाळला.

शेजारच्या हंसाबेन त्यांच्या गॅलरीतून आपली दोरी बघूनच ओळखायच्या. आजे तो पीळो चाले छे ने, भाभी? मी म्हणायची, हो ना, हा महिनाभर पिवळाच आहे, ऑर्डर मोठी दिसते. धुळवडीला सगळी सोसायटी खाली नाचायची आणि तुम्ही वर पेपर वाचत बसायचात. मी वर्षभर खेळतो, म्हणायचात, आज सुट्टी. निखिल लहान असताना तुम्ही आलात की तुमचे हात धरून आधी तळवे बघायचा. शाळेत त्याने 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं की माझे बाबा कधी निळे तर कधी केशरी असतात. बाईंनी शेरा दिला, कल्पना छान. कल्पना कसली, पोरगं खरं तेच लिहीत होतं.

आणि लघवीसुद्धा रंगीत व्हायची तुमची. सुरुवातीला मी घाबरले होते. तुम्ही म्हणालात, प्लांटवर सगळ्यांनाच होते, पाणी ढोसलं की जाते. जवा दे ने. हे तुमचं 'जवा दे ने' मी किती वेळा ऐकलं असेल. भाडेकरूचं भांडण असो, छताची गळती असो, तुमची कंबर असो, जवा दे ने. तीन शब्दांत विषय संपला. मीही मग जाऊ दिलं. घाबरायचं वय गेलं आणि सवय लागली.

आता ऐका.

गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या श्रावणात तुमच्या लेंग्याला पुढच्या बाजूला तांबूस डाग दिसले. रुपयाएवढे, दोन-तीन. मी नेहमीप्रमाणे लेंगा तुमच्या बादलीत भिजत घातला. अर्ध्या तासाने पिळायला गेले तर डाग गेलेले. साबण नाही, घासणं नाही, नुसत्या थंड पाण्यात निघून गेले. पुन्हा आठ-दहा दिवसांनी तेच. आणि अहो, मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत तुमचा एक रंग कधी निघाला नव्हता. मी लिंबू लावलं, सोडा लावला, रॉकेल लावून बघितलं, रंग हटला नव्हता. आणि हा आपणहून जातोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बसला जायला बूट घालत होतात तेव्हा मी म्हटलं, ह्या वेळचा तुमचा रंग शहाणा आहे हो, थंड पाण्यातच निघतो. तुम्ही लेस बांधता बांधता थांबलात. मग म्हणालात, "बरं आहे की. तुझे हात वाचले."

मी बाई आहे. वयाच्या तेराव्या वर्षापासून मला माहीत आहे थंड पाण्यात काय निघतं. गरम पाण्यात घालायचं नाही, थंडच घ्यायचं, हे माझ्या आईने मला सांगितलं होतं आणि मी माझ्या भाच्यांना सांगितलं. ते सगळं डोक्यात असताना मी तुमचा लेंगा थंड पाण्यातून काढला, झटकला, आणि वाळत घातला. वर तुम्हाला सांगून खूश झाले. त्या महिन्यात दोरीवर तुमचे शर्ट पिवळे होते, हेही मला आठवतं. शर्ट पिवळा आणि लेंग्यावर डाग तांबडा. सगळं माझ्यासमोर वाळत होतं. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्याच घरात हे चालून गेलं.

ही ती गोष्ट. लिहिली एकदाची.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चैत्रात कंपनीच्या बसमध्ये लघवी अडली, तुम्ही सीटवर आडवे झालात, ड्रायव्हरने बस तशीच दवाखान्याला आणली. मी पाणीगेटहून रिक्षाने पोचले, निखिल वाघोडियाहून. डॉक्टरांनी विचारलं, लघवीतून रक्त केव्हापासून जातंय? तुम्ही तशा वेदनेतही त्यांना समजावून सांगत होतात, रक्त असं नाही साहेब, आमच्याकडे रंग असतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुठल्या कंपनीत, काय बनतं, किती वर्षं, एक एक विचारत गेले. अशा रंगांनी शरीराचं काय होतं ते त्यांना माहीत होतं. आपल्याला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, कंपनीत तपासणी होते का? तुम्ही म्हणालात, होते ना, दर दिवाळीच्या सुमाराला, लघवीचीसुद्धा होते, सगळं नॉर्मल. तेव्हा निखिल पाणी आणतो म्हणून बाहेर गेला तो अर्धा तास आलाच नाही. मला वाटलं, पोरगं घाबरलं. आणि मी? मी तिथे मांडीवर पर्स धरून बसले होते आणि डोळ्यांपुढे फक्त तो लेंगा.

दुर्बिणीने बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, आणि पिशवीच्या भिंतीबाहेर गेलेला. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आला असतात तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी मनात हिशेब केला. श्रावण ते चैत्र, आठ महिने.

कारखान्याला मी शिव्या घातल्या की तुम्हाला आवडत नसे. किमोची सुई हातात, अन् तोंडाने त्यांचीच बाजू. ह्याच रंगावर घर उभं राहिलं, निखिल शिकला, म्हणायचात. मी म्हणायची, घर उभं राहिलं आणि तुम्ही आडवे झालात. ह्या भांडणात तुमचं काही एक मला पटलेलं नाही, आजही नाही. तुम्ही समोर असतात तर आत्ता पुन्हा सुरू केलं असतं.

दुसरं भांडण मात्र तुम्ही जिंकलात. चौथ्या किमोनंतर तुम्ही म्हणालात, बस. आता नको. मी ऐकेना. तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आजारी माणसाशी अबोला धरला, एवढी मी खाष्ट. त्या रागात म्हणाले, तुम्हाला आमची पडलेलीच नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. किमो थांबली. पंधरा दिवसांनी तुमच्या जिभेला चव आली आणि एका सकाळी तुम्ही लहान मुलासारखी सेव उसळ मागितली. निखिल जाऊन घेऊन आला, वर जास्तीची तरी घालून. तुम्ही नाक पुसत पुसत खाल्लीत. त्यानंतरचे तीन महिने आपल्याला मिळाले, माणसासारखे. तुमचं बरोबर होतं. मी ते कबूल केलं नव्हतं, आता करते. मिरवू नका.

दिवाळीच्या आधी लघवी उतरावी म्हणून पाठीतून दोन नळ्या टाकाव्या लागल्या, दोन्ही बाजूंना एकेक बॅग. पहिल्या दिवशी तुम्ही कुणालाही जवळ येऊ दिलं नाहीत. नर्सकडून मी शिकून घेतलं, पट्टी कशी बदलायची, नळी कुठे दुमडते, बॅग किती भरली की रिकामी करायची. तुम्ही मान वळवून म्हणालात, हे तुझं काम नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षं तुमचे रंग धुतलेत, आता लाजताय कुणाला? तेव्हा हसलात जरासे. मग स्वतःच त्यात लक्ष घालायला लागलात. हा डावा व्हॉल्व्ह हळू चालतोय, हा उजवा बरा आहे, असं सांगायचात. शेवटी प्लांटवरचा ऑपरेटर तो ऑपरेटर.

डॉक्टरांनी रोजची लघवी मोजून लिहायला सांगितली होती. तुम्ही वही आखलीत, वेळ, डावीकडे किती, उजवीकडे किती, आणि आपल्या मनाने आणखी एक रकाना काढलात, शेड. फिका राणी. विटकरी. कोरा चहा. गव्हाळ. एकदा लिहिलं होतंत, कांद्याच्या सालीचा, पण ओल्या. मला चीड आली, ही काय थट्टा. पण तुमचा चेहरा बघितला तर थट्टा नव्हती. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी नुसत्या नजरेने माल पास की नापास सांगणारा माणूस तुम्ही, तुमची ती नजर अजून शाबूत होती आणि तिला काम मिळालं होतं. डॉक्टर पहिल्यांदा वही वाचून हसले, नंतर तेच विचारायला लागले, काका, आजचा शेड काय? तुम्ही सांगायचात आणि ते त्यावरून औषध ठरवायचे. तेव्हा तुम्ही दिवसभर खुशीत असायचात. ती वही मी ठेवली आहे, ती कुणालाही देणार नाही.

उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, गच्चीवर यायचंच म्हणून हट्ट धरलात. बॅगा दिसायला नकोत, म्हणून मी गडद कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, खांद्यावरून घ्यायच्या, वर शाल. निखिलने एका हाताने धरून धरून तुम्हाला वर नेलं. एकोणतीस पायऱ्या, चार वेळा बसलात. मग खुर्चीत बसून निखिलची फिरकी धरलीत. ढील दे, ढील दे, अरे ओढतोस काय, असा तुमचा आवाज तीन गच्च्यांपलीकडे जात होता. हंसाबेननी उंधियू आणलं, तुम्ही दोन घास खाल्लेत आणि मला म्हणालात, शिक जरा. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं. आभाळ पतंगांनी भरलेलं होतं आणि तुम्ही त्यातले रंग नावं घेऊन निखिलला दाखवत होतात. हा आमच्याकडचा नाही, म्हणत होतात, हा उन्हात उडेल.

आता त्या दुपारचं सांगते. उत्तरायणनंतर आठवड्याभराने असेल. मी तुमच्या पाठीची पट्टी बदलत होते. तुम्ही पलंगावर पाठमोरे, मी मागे. तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला धीर आला. वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, पाठीला सांगणं सोपं आहे. मी म्हटलं, अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय. आणि तुम्हीही त्याच वेळी म्हणालात, अगं, मला तुला एक सांगायचंय.

"तू आधी," तुम्ही म्हणालात.

एकतीस वर्षांत कधी मला आधी बोलू दिलं नाहीत. माझं अर्धं वाक्य तुमच्या तोंडात असायचं. आणि नेमकं त्या दिवशी 'तू आधी'. मी म्हटलं, नाही, तुम्ही आधी. तुम्ही म्हणालात, नाही, तू. असं आपण दोघं म्हातारे नवीन लग्न झाल्यासारखे करत बसलो. माझा धीर तेवढ्यात ओसरला. मी म्हटलं, काही नाही, उद्यापासून आमटीत गूळ घालत जाईन म्हणते. जन्मभर ज्या गोडाच्या आमटीवरून मी तुम्हा बडोदेकरांना नावं ठेवली ती अशी मान्य केली.  मग म्हणालात, मलाही तेच सांगायचं होतं. मी पट्टी चिकटवली आणि हात धुवायला गेले. मोरीशी उभी राहून रडले, पण तुमचं काय सांगायचं राहिलं, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. माझ्याच गोष्टीची मला इतकी पडली होती.

शेवटच्या दिवसांत तुमच्या हातांचा रंग पार गेला होता. वर्षभर प्लांट नाही, नखं वाढून नवी आलेली. एका सकाळी मी तुमचा हात हातात घेऊन बसले होते आणि मला तो ओळखूच येईना. असा उजळ, पातळ हात. ह्या माणसाचा हात मुळात असा होता, हे मी तो जाताना बघितलं. तुम्ही गेलात तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, निखिल खाली औषध आणायला गेला होता. शेवटची आंघोळ घालताना पाणी स्वच्छ वाहत गेलं. बायका म्हणाल्या, बाई, तू आत जा. मी गेले नाही. मला बघायचं होतं.

आणि आता निखिल.

परवा रविवारी सकाळी मी त्याच्यापुढे पोहे ठेवले आणि समोर बसले. म्हटलं, आज तू खाईपर्यंत मी उठणार नाही. काय ते एकदा बोल. बराच वेळ तो चमच्याने शेंगदाणे बाजूला करत राहिला. मग सांगायला लागला, ताटाकडे बघत. कंपनीची तपासणी असली की आदल्या दिवशी बाटली घरी द्यायचे, सकाळची पहिली लघवी भरून आणायची. तुमच्या पाळीतल्या एकाच्या रिपोर्टात काहीतरी आलं होतं, तर त्याला पॅकिंगला टाकलं आणि वर्षाच्या शेवटी कंत्राट संपलं म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून जुने लोक घरून तरण्या पोरांची भरून आणायचे. तुम्हीही निखिलला म्हणालात, तुझी दे रे भरून, सगळे करतात. त्याने हसत हसत दिली. एक वर्ष दिली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्या श्रावणानंतरच्या दिवाळीला, पुन्हा दिली. रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होतात, पास झालास.

म्हणजे हे सांगायचं होतं तुम्हाला, त्या दुपारी. हो ना?

मी आधी सगळ्या आया करतात तेच केलं. म्हटलं, बाळा, तुझी काही चूक नाही. त्याने मान वर केली. इतका परका चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. "असं नको म्हणू आई," तो म्हणाला. "सगळे हेच म्हणतील. त्याने काही होत नाही."

खरंच होतं त्याचं. मला कुणी तसं म्हटलं असतं तर मला तरी काय झालं असतं? मग मी त्याला माझं सांगितलं. लेंगा, डाग, थंड पाणी, शहाणा रंग, सगळं. तुम्हाला सांगायचं ते त्याला सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा लाल होत गेला. "तुला रक्त कळलं नाही?" तो ओरडला. "तुला? बाई असून?" आणि ताट सरकवून गॅलरीत निघून गेला.

मी बसून राहिले. तुम्हाला खरं सांगते, मला बरं वाटलं. वर्षभर हेच मी मला विचारत होते, आज दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने विचारलं. सगळे मला बिचारी म्हणत होते, हिने किती केलं नवऱ्याचं असं म्हणत होते. माझ्या पोटच्या पोराने मला बिचारी म्हटलं नाही. गॅलरीत त्याची पाठ हलत होती. तुम्ही गेलात त्या दिवशी तो रडला नव्हता. अग्नी देतानाही नाही. मी उठून गेले नाही. म्हटलं, रडू दे.

बऱ्याच वेळाने आत आला. डोळे सुजलेले. माझ्यासमोर जमिनीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा मांडी घालून. म्हणाला, "म्हणजे आई, आपण दोघांनी मिळून बाबांना..." 

मी म्हटलं, "दोघांनी नाही रे. तिघांनी."

तिसरं कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, त्या महिन्यात प्लांटमध्ये कुठला रंग चालू होता हे त्यांना ठाऊक नव्हतं का? पिवळा होता. बूट घालताना मी बोलले तेव्हा त्यांची लेस हातात राहिली होती, हे मी बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं. तरी दिवाळीला तुझ्यापुढे बाटली धरली. ते भ्याले. पॅकिंगला भ्याले, दवाखान्याला भ्याले, आपल्याला सांगायला भ्याले. मीही भ्याले म्हणून डोळ्यांनी दिसत होतं ते बघितलं नाही. तू एकटाच कशाला घेतोस? ते काय देव झाले का गेले म्हणून? घरातलेच आहेत, त्यांनाही धर.

अहो, रागावू नका. लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतायत, त्यांनी बोलावं, तुम्ही त्याच लायकीचे होतात. पण एवढ्या एका गोष्टीतून मी तुम्हाला सोडलं नाही. सोडलं असतं तर तुम्ही फोटोतले झाला असतात, आणि आम्ही दोघं त्या फोटोखाली आरोपी होऊन बसलो असतो जन्मभर. निखिल आणि मी त्या चुकीचं ओझं उचलायला बघत होतो, दोघांनी मिळूनही जागचं हलत नव्हतं. परवा तुमचाही हात लागला, तेव्हा कुठे पोरगं उठलं, थंड झालेले पोहे पुढे ओढले आणि खायला लागलं.